मॅनसने नेलेली गोष्ट

पोर्ट एलीसमध्ये सबीना गिल्डीला सगळे मिसेस हुकस्ट्रा म्हणत. नवरा वॉल्टर हुकस्ट्रा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी चर्चमध्ये, बेकरीत, दवाखान्यात तेच नाव चाले. पण समोरच्या अथांग तळ्यातल्या कॉलम बेटावरचं कुणी भेटलं की ती पुन्हा सबीना ओवेन व्हायची. बेटावर गिल्डींची इतकी घरं होती की नुसती ‘सबीना’ म्हणून हाक मारली तर तीन बायका दारात येत. म्हणून प्रत्येकाच्या नावामागे बापाचं नाव लावायचं. ओवेनची सबीना. ते ऐकलं की तिची मान आपोआप ताठ व्हायची.

बेट आता जवळजवळ रिकामं झालं होतं. उन्हाळ्यात शिकागोची मंडळी तिथे येऊन राहत, जुन्या घरांना पांढरे रंग देत, आणि सप्टेंबर लागला की दारं लावून जात. ज्यांचे आजे-पणजे आयर्लंडमधल्या डोनेगॉलहून बोटीने येऊन त्या बेटावर मासे धरू लागले होते, ती माणसं केव्हाच किनाऱ्यावरच्या गावांत पांगली होती. जी उरली होती, ती एकमेकांना बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या अंत्यविधीलाच भेटत.

त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका सकाळी नौका संग्रहालयाच्या लोरेन पिकेट घरी आल्या आणि म्हणाल्या की यंदा सेंट पॅट्रिकच्या सणाच्या आदल्या शनिवारी आपण आयरिश दिवस करतोय, तेव्हा सबीनाला आधी बरंच वाटलं. निदान कुणी मेलेलं नसताना भेट होईल.

“तुमच्या वडिलांच्या बोटीशेजारी खुर्च्या मांडू,” लोरेन म्हणाल्या. “बेटावरची जुनी मंडळी तिथे बसतील.”

“खुर्च्या कशाला? बोटीत जागा आहे की.”

लोरेन हसल्या. चाळिशीच्या, धांदरट पण मनाने चांगल्या. ओवेनची ‘नॉरीन’ बोट एका शेतात कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती, ती यांनीच शोधून आणली होती. सबीना ते विसरलेली नव्हती.

“आणि तुमच्या भावाने यायलाच हवं बरं का. ती बर्फातली गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकायचीय सगळ्यांना. माझ्या सासऱ्यांनी ऐकली होती, ते मरेपर्यंत सांगत होते. वडील आणि मुलगा, बोट बर्फात अडकलेली...”

सबीना चहा ओतत होती. किटली तिने खाली ठेवली.

“सांगेल ना,” ती म्हणाली. “त्याला नुसतं उभं करायचा अवकाश.”

खरी गोष्ट अशी होती, की त्या हिवाळ्यात मॅनस बेटावर नव्हताच. तो आरमारात होता, पॅसिफिकवर. बोटीत बापाबरोबर होती ती सबीना.

बेचाळीस साली मॅनस गेला. त्याच्या मागोमाग बोटीवरचा दुसरा गडीही गेला. ओवेन गिल्डी दोन दिवस धक्क्यावर पाइप ओढत बसून राहिला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो दार उघडून बाहेर पडतो तर सबीना खुंटीवरचा मॅनसचा मेणकापडी डगला अंगात घालून उभी. डगला तिला गुडघ्याखाली येत होता.

“पोरी, बाई बोटीत चढली की लोक थुंकतात.”

“थुंकू दे. जाळी पाण्यात आहेत, डॅडी.”

धक्क्यावर म्हातारे खरोखरच थुंकले. ओवेन त्यांना एवढंच म्हणाला, “जाळ्यातल्या माशाला कळत नाही ओढणारा बाप्या आहे की बाई.” आणि त्याने इंजिन सुरू केलं.

सबीनाला पुढे आयुष्यभर विचारलं असतं की सुखाचा काळ कोणता, तर तिने तीच तीन वर्षं सांगितली असती. कुणी विचारलं नाही. पहिल्या महिन्यात तिच्या बोटांची सालं निघाली, दुसऱ्या महिन्यात ती घट्ट झाली. जाळं वर येताना त्यातला पांढुरका मासा एका हिसक्याने सोडवायचा, चाकू एकदाच फिरवायचा, पेटीत टाकायचा, तोवर पुढचा आलेला. बोट माथ्यापासून शेपटीपर्यंत छपराने झाकलेली, आत शेगडी पेटलेली, शेगडीवर कॉफी. धुकं पडलं की ओवेन इंजिन बंद करायचा आणि दोघं कान देऊन ऐकत बसायची. बाप बोलका नव्हता. पण त्या गप्प बसण्यात तिला कधी परकं वाटलं नाही. घरात चुलीपाशी तो तिला ‘भाकर दे’ म्हणायचा. बोटीत ‘तुला काय वाटतं, वारा फिरेल?’ असं विचारायचा.

पंचेचाळीसच्या शेवटी मॅनस परत आला. डगला खुंटीवर गेला आणि तिथून मॅनसच्या अंगावर. सबीना चुलीपाशी गेली. कुणी तिला जा म्हणालं नाही, रहा असंही म्हणालं नाही.

मॅनस मोठ्याने हसायचा, जास्त प्यायचा आणि रात्री ओरडत उठायचा. तिकडच्या लढाईबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही. लोक विचारायचे, ‘सांग की रे, काय काय पाहिलंस?’ आणि त्याचा चेहरा असा व्हायचा की विचारणाराच विषय बदलायचा. मग चुलतबहिणीच्या लग्नात एकदा किनाऱ्यावरच्या पाहुण्यांनी त्याला गराडा घातला. सबीना उकडलेल्या बटाट्यांची परात घेऊन चालली होती. तिला मॅनसचा आवाज ऐकू आला.

“लढाईचं सोडा हो. मी आणि डॅडी बर्फात अडकलो होतो, ते सांगतो.”

ती परात धरून तशीच उभी राहिली. सगळं तिनेच त्याला सांगितलं होतं, तो परत आल्यावर, एका संध्याकाळी चुलीपाशी. तोच वारा, तोच बर्फ, तीच शिडी. फक्त तिच्या जागी तो. ओवेन भिंतीपाशी बसला होता. त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं.

घरी जाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ओवेन तिच्याबरोबर मुद्दाम मागे राहिला.

“राहू दे त्याला,” तो म्हणाला. “त्याच्याजवळ सांगण्याजोगी दुसरी गोष्ट नाही, पोरी. तुझ्याजवळ येतील आणखी.”

तिने राहू दिली.

पुढच्या पाच-सहा वर्षांत तळ्यात बामीसारखा एक रक्तशोष्या मासा शिरला. ट्राउट मासे जाळ्यात यायचे ते कुशीला भोकं पडलेले. मग तेही येईनात. ओवेनने ‘नॉरीन’ विकली आणि वर्षभरात गेला. मॅनस शिकागोला जाऊन बस चालवू लागला. सबीना पोर्ट एलीसला चेरी डबाबंद करायच्या कारखान्यात लागली. तिथला मुकादम वॉल्टर, डच घराण्यातला, न नाचणारा, न पिणारा, रोज संध्याकाळी हात धुऊन जेवायला बसणारा. त्याच्याशी तिने लग्न केलं आणि ते लग्न चांगलं झालं. एका नाताळात मॅनसने जेवणानंतर ती गोष्ट सांगितली. पाहुणे गेल्यावर वॉल्टर भांडी पुसता पुसता म्हणाला, “तुझा भाऊ शूर आहे गं.”

“हो,” ती म्हणाली. “आहे.”

वॉल्टरलाही तिने कधी सांगितलं नाही.

आयरिश दिवसाच्या आदल्या दिवशी मॅनस शिकागोहून बसने आला. उतरताना त्याच्या कोटाची बटणं चुकीच्या काजांत होती. घरी आल्यावर त्याने चहात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली, पुन्हा ढवळली.

“वॉल्टर दिसत नाही तो?” तो म्हणाला. “अजून कारखान्यातच?”

सबीनाने त्याच्याकडे पाहिलं. “मॅनस, वॉल्टर गेला. तू खांदा दिलास त्याला.”

“हो की. थट्टा केली गं,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. पण थट्टा करताना मॅनस कधी बाहेर बघायचा नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा.

शनिवारी संग्रहालय हिरवंगार झालं होतं. हिरवे फुगे, हिरव्या कागदी टोप्या, हिरवी बिअर. पोर्ट एलीसच्या नाचशाळेतल्या मुली कुरळ्या केसांचे टोप घालून टाचा आपटत होत्या. मध्यभागी ‘नॉरीन’ उभी होती. आता तिला रंग होता, बाजूने दोरी लावली होती, आणि तिच्या पोटाखाली पाणी नव्हतं. सबीनाने जाता जाता तिच्या लाकडावर हात टेकवला. हात लावायचा नाही अशी पाटी होती, पण पाटी लावणाऱ्या लोरेनबाईंनीच मान दुसरीकडे वळवली.

कॉन रॉडी आधीच खुर्चीत येऊन बसला होता. बेटावर त्याचं घर गिल्डींच्या शेजारी. आता त्याचे दात गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

“सबीना ओवेन! ये, बस. हे हिरवं पाणी बघितलंस? आमच्या घोड्याला याहून बरं पाजायचो आम्ही.”

“घोड्याला तरी कुठे धड पाजलंस तू.”

“आणि हे आपले मॅनस ओवेन,” कॉन मॅनसचा हात हलवत म्हणाला. “काय रे, आज पुन्हा बर्फात पडणार का? जपून हां, या वयात सर्दी होते.”

मॅनस मोकळेपणाने हसला आणि नाचणाऱ्या मुलींकडे वळला. सबीना कॉनच्या कानाशी वाकली.

“मिटून बसायचं, कॉन. नाहीतर पाद्रीबाबांच्या कोंबड्या कुणी नेल्या होत्या ते आज माइकवर सांगेन.”

“अगं, पन्नास वर्षं झाली ऐकतोय! त्या सकाळी घसरगाडी घेऊन आलं कोण? मी. गाडीत घातलं कुणाला? तुला. माझ्या आईच्या गोधडीत! आणि हा गाढव...”

“मिटून.”

कॉन पुटपुटत मागे टेकला.

लोरेन पिकेटनी मॅनसला पुढे बोलावलं. सव्वाशे-दीडशे माणसं असतील. मॅनस उभा राहिला, त्याने बोटीच्या कडेवर हात ठेवला, आणि सबीनाला एकदम हायसं वाटलं. आवाज तोच होता, बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा.

“त्या सकाळी वारा पश्चिमेचा होता,” त्याने सुरू केलं. “डॅडी म्हणाला, शेवटची जाळी काढून आणू, मग वसंतापर्यंत बसू चुलीपाशी. आम्ही गेलो. जाळी निम्मी वर आली आणि वारा पडला. पडला म्हणजे काय, मेणबत्ती विझावी तसा. मग उत्तरेकडून सुटला, आणि बर्फाचं शेतच्या शेत आमच्याकडे चालत यायला लागलं.”

माणसं पुढे सरकली. नाचशाळेतल्या मुली टोप हातात घेऊन जमिनीवर बसल्या. मॅनसने इंजिन घरघरत कसं थांबलं ते सांगितलं, लाकूड रात्रभर कसं कण्हत होतं ते सांगितलं. कोळसा संपला. मग माशांच्या पेट्या फोडून शेगडीत घातल्या, मग बाक. सकाळी बर्फ थांबला आणि लांबवर बेटाचा दिवा दिसला.

“डॅडी म्हणाला, चालायचं. आम्ही कमरेला दोरी बांधली, एकमेकांना. त्याने शिडी घेतली खांद्यावर. आणि आम्ही उतरलो बर्फावर. शिडी घेऊन.”

तो थांबला. लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलाय. एकजण हसला.

“शिडी घेतली,” मॅनस पुन्हा म्हणाला. त्याचा हात बोटीच्या कडेवरून पुढेमागे फिरू लागला. “शिडी...” त्याची नजर खुर्च्यांवरून फिरत फिरत सबीनावर येऊन थांबली. लहानपणी अंधाऱ्या गोठ्यातून बाहेर पडताना तो असाच तिला शोधायचा.

“शिडी कशाला घेतली होती गं, सबीना?”

सबीना उठली. गुडघा दुखत होता, तो धरून ती पुढे गेली आणि भावाच्या दंडाला धरून उभी राहिली.

“भेगांवर टाकायला,” ती म्हणाली. “बर्फाला भेग दिसली की शिडी आडवी टाकायची आणि तिच्यावरून रांगत जायचं. डॅडी आधी, मग तू. होय ना?”

“होय,” मॅनस म्हणाला.

“अशा बऱ्याच भेगा तुम्ही ओलांडल्या. बेट दिसत होतं, पण जवळ येत नव्हतं. मग एका जागी बर्फ वरून पांढरा आणि खालून कुजका होता. डॅडी पलीकडे गेला होता. तू मध्ये होतास. शिडी एका बाजूला कलली आणि तू पाण्यात गेलास.”

ती लोकांशी बोलत नव्हती, त्याच्याशीच बोलत होती, आठवण करून दिल्यासारखी. मॅनस मान हलवत होता.

“पाणी डोक्यावरून गेलं. खाली हिरवं होतं, आणि शांत. घाबरायला होईल असं वाटतं, पण घाबरायला होत नाही. फक्त वाटतं, आता झोपावं. मग कमरेला असा हिसका बसला की श्वासच गेला. डॅडी पोटावर आडवा पडून दोरी ओढत होता. जाळं ओढतात तशी, हात-हात करत. वर काढलं. त्याने कोट उघडला, सदरा वर केला, माझे बूट काढले आणि माझे पाय आपल्या पोटावर धरले. उघड्या पोटावर. आणि म्हणाला, ‘आ हाश्के.’ जुन्या भाषेत. माझं धन. आई गेल्यापासून त्याने ती भाषा तोंडातून काढली नव्हती. माझी वेणी गोठून काठीसारखी झाली होती. मी ती मागे टाकायला गेले तर त्याने हात धरला. म्हणाला, हलवू नकोस, मोडेल.”

तिने स्वतःचा आवाज ऐकला आणि ती थांबली.

बिअरच्या पिंपाची तोटी ठिबकताना ऐकू येत होती. लोरेन पिकेटनी हिरवी टोपी डोक्यावरून काढली होती आणि ती हातात तशीच धरली होती. सबीनाला मॅनसकडे पाहवेना.

“वेणी,” मॅनस म्हणाला.

त्याने आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला.

“लोकहो, मॅनस गिल्डीला वेणी कधीच नव्हती. टक्कल मात्र लवकर पडलं.”

आधी कॉन हसला, खोकत खोकत. मग सगळे हसले. मॅनसने हात वर केला.

“मी नव्हतोच तिथे,” तो म्हणाला. “ही होती. मी दुसरीकडे होतो.” तो क्षणभर घुटमळला, ते दुसरीकडे म्हणजे कुठे ते सांगणार आहे असं वाटलं. पण त्याने सबीनाची रिकामी खुर्ची ओढून घेतली आणि तीत बसला, हात मांडीवर ठेवून. “सांग पुढे, सबीना. मला पण ऐकायचंय.”

तिने सांगितलं. बापाने उरलेली सगळी वाट तिला बोलतं कसं ठेवलं, झोपू नये म्हणून डोनेगॉलच्या प्रत्येक नातेवाइकाचं नाव तिच्याकडून कसं म्हणवून घेतलं, आणि ती चुकली की कसा ओरडला. शेवटी समोरून घंटेचा आवाज आला, घोडा दिसला, आणि घसरगाडीवर उभा राहून वेड्यासारखा टोपी हलवणारा कॉन रॉडी.

“गोधडी माझ्या आईची होती!” कॉन खुर्चीतून ओरडला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. “ती परत नाही दिलीस कधी!”

त्या दिवशी मग कार्यक्रमाचं वेळापत्रक कुणी पाळलं नाही. बेटावरची मंडळी एक एक करत दोरीखालून वाकून ‘नॉरीन’मध्ये चढली आणि आपापल्या बापाच्या जागा दाखवू लागली. लोरेनबाई फक्त एवढंच म्हणत राहिल्या की शेगडी कुणी पेटवू नका.

घरी आल्यावर सबीनाने पांढुरका मासा तळला, बटाटे उकडले. मॅनस टेबलाशी बसून बटाट्याची सालं काढत होता. हे काम तो कधी विसरला नव्हता.

“तुला राग होता?” त्याने विचारलं.

“होता. मग गेला. कधी गेला ते कळलं नाही.”

त्याने पुढचा बटाटा हातात घेतला.

“तिकडे पाणी कोमट होतं, सबीना,” तो म्हणाला. “लोकांना वाटतं पाण्यात माणूस थंडीने मरतो. तिकडे कोमट होतं. बेकर म्हणून एक पोरगा होता आयोवाचा. त्याला पोहता येत नव्हतं. मी त्याची कॉलर धरली होती.”

सबीनाने तव्याखालची आच बंद केली आणि ती त्याच्यासमोर बसली. मॅनसने जेवढं सांगितलं तेवढं तिने ऐकलं. ते फार नव्हतं, आणि त्यातलं निम्मं तो दोनदा सांगत होता. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मासा गार झाला. तो दोघांनी तसाच खाल्ला.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत मॅनसला शिकागोतल्या एका वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. सबीना महिन्यातून एकदा बसने जायची. तो तिला कधी आई समजायचा, कधी तिथली परिचारिका. ती शेजारी बसून त्याला बर्फातली गोष्ट सांगायची, पश्चिमेच्या वाऱ्यापासून. तो लक्ष देऊन ऐकायचा. शिडी कलली की खुर्चीचे हात घट्ट धरायचा.

“मग?” तो दर वेळी विचारायचा. “पोहोचली का ती मुलगी?”

“पोहोचली.”

“आणि म्हातारा?”

“तोही.”

“बरं झालं,” मॅनस म्हणायचा आणि तिचा हात थोपटायचा. “फार थंडी असते त्या बाजूला.”